रेट्रोला भरीत पार्टीची थीम लावून बघा

रेट्रो म्हणजे झालेल्या कामाकडे टीमने मागे वळून बघायची मीटिंग. दर दोन आठवड्यांनी तेच तीन प्रश्न, काय चांगलं झालं, काय नाही, पुढे काय, मग सगळे कॅमेरा बंद करून "सेम ॲज लास्ट टाईम" म्हणून मोकळे. आमची टीम जळगावची, म्हणून डिसेंबरात, ऐन भरिताच्या सीझनला, बोर्डवर भरीत पार्टीच मांडली. चार रकाने: मस्त भाजलं, कच्चं राहिलं, करपलं, आणि मिरची म्हणजे ज्याने झोंबलं ते. एरवी गप्प बसणाऱ्या टेस्टरने करपलंमध्ये लिहिलं, "शुक्रवारी संध्याकाळी ५ ला बिल्ड दिलं, पऱ्हाट्या विझल्यावर वांगं टाकलं." (बिल्ड म्हणजे तपासायला दिलेली सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, आणि पऱ्हाट्या म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, त्यांच्यावर वांगी भाजतात.) सगळे हसले, पण मुद्दा बरोबर पोचला ना!

पहिली सात मिनिटं कोणी बोलायचं नाही, फक्त चिठ्ठ्या लिहायच्या, आणि लीडने तर सगळ्यात शेवटी बोलायचं, नाहीतर बाकीचे त्याचीच री ओढतात. मग सारख्या चिठ्ठ्या एकत्र करा, प्रत्येकाला तीन मतं द्या आणि वरच्या दोनच विषयांवर बोला. ठरलेलं काम एकाच्या नावावर टाकून थेट पुढच्या स्प्रिंटच्या (म्हणजे कामाच्या ठरलेल्या टप्प्याच्या) बॅकलॉगमध्ये, कामांच्या यादीत, घ्या, बोर्डवर ठेवलं की मेलंच समजा.

वेळेचं म्हणाल तर स्क्रम या टीमने काम करायच्या पद्धतीच्या गाईडमध्ये महिनाभराच्या स्प्रिंटच्या रेट्रोला जास्तीत जास्त ३ तास आहेत, दोन आठवड्यांना आम्हाला एक तास पुरतो. टीममध्ये पुण्या-मुंबईचे असतील तर कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी वगैरे आधी दोन मिनिटं समजवा, नाहीतर ते थीमवरच अडकतात. आणि हीच थीम दर वेळी नको, मार्चमध्ये कोण भरीत खातं?