आरव्हीत कॅम्पिंग करताय आणि आसपास अस्वलं आहेत? मग या चुका टाळा

आरव्ही (आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली, फिरत्या घरासारखी गाडी) घेऊन फिरणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे निर्धास्त राहणं. आपण काय टेंटमध्ये थोडीच झोपतोय, दार आहे, कुलूप आहे, मग कसली भीती, असं बहुतेकांना वाटतं. टेंटपेक्षा आरव्ही सुरक्षित आहेच, त्यात वाद नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमधल्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये तर ग्रिझलींचा (मोठ्या तपकिरी अस्वलांचा) वावर असल्यामुळे फक्त हार्ड-साइडेड (टणक भिंतींच्या) गाड्यांनाच प्रवेश आहे, टेंट नाही आणि कापडी बाजूंचा पॉप-अप ट्रेलरही नाही (बुकिंग करायच्या आधी हे बघा, तिथे पोचल्यावर कळून उपयोग नाही). पण आरव्हीच्या भिंती म्हणजे शेवटी पातळ पत्रा नाहीतर फायबरग्लास, आणि आतून खाण्याचा वास येत असेल तर खिडकी उचकटणं अस्वलाला जड जात नाही. त्यामुळे खरी काळजी घ्यायची ती वासाची.

आमचंच सांगते. एका ट्रिपला रात्री जेवणं उशिरा झाली, सगळे दमलेले, म्हणून ग्रिल सकाळी साफ करू म्हणून ऑनिंगखाली (आरव्हीच्या बाजूच्या कापडी छपराखाली) तसंच ठेवलं आणि झोपलो. पहाटे धाडकन आवाज आला. खिडकीतून टॉर्च मारला तर ग्रिल आडवं पडलेलं आणि एक काळं अस्वल त्याखालची चरबी साठायची छोटी वाटी दोन पंजांत धरून चाटत बसलेलं, मुलं झोपली होती तिथून जेमतेम सहा फुटांवर. ग्रिलच्या जाळ्या आम्ही घासल्या होत्या हो, ती वाटीच राहिली होती. तेव्हापासून जेवण झालं की आधी ग्रिल, मग बाकी सगळं.

"खाणं आत ठेवलंय की!"

खाणं म्हणजे फक्त जेवण नाही. टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिप बाम, कुत्र्याचं खाणं आणि त्याचा बाऊल, रिकामे कॅन, कचऱ्याची पिशवी, हे सगळं अस्वलासाठी खाणंच. भांडी धुतलेलं पाणी झुडपात फेकू नका, टाकीत जाऊ द्या. आणि मागे टो करून आणलेली कार हमखास विसरली जाते, मुलांच्या कार सीटच्या फटीत बिस्किटांचा चुरा, कपहोल्डरमध्ये ज्यूसचा डबा. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये अंधार पडल्यावर कारमध्ये खाणं ठेवायला बंदीच आहे, फूड लॉकरमध्ये (अस्वलाला न उघडणाऱ्या पेटीत) ठेवायचं, किंवा हार्ड-साइडेड आरव्हीत खिडक्या, दारं आणि छतावरचे व्हेंट बंद करून. 1998 साली तिथे अस्वलांनी त्रास दिल्याच्या, नुकसान केल्याच्या दीड हजाराहून जास्त घटना झाल्या होत्या, पुढे लॉकर आणि कडक नियम आल्यावर तो आकडा खूप खाली आला. म्हणजे फरक पडतो.

आणि यात जीव फक्त आपलाच जात नाही. माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल परत परत येतं, धीट होतं आणि शेवटी बऱ्याचदा त्याला मारावं लागतं. आपल्या एका उघड्या कूलरपायी. मला हे खरंच सहन होत नाही.

दार नुसतं ओढून घेणं

खाली दाबायचं हँडल असेल तर अस्वल ते पंजाने सहज उघडतं, म्हणून कुलूप लावाच, दिवसा ट्रेलला जातानासुद्धा. उकडतंय म्हणून नुसत्या जाळीच्या दारावर झोपू नका.

बेअर स्प्रे बॅगेत तळाशी

बेअर स्प्रे म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट मिरचीचा फवारा. तो कमरेला हवा, आरव्हीतून टॉयलेटपर्यंत जातानाही. तो डासांच्या औषधासारखा टेंटवर किंवा सामानावर मारायचा नसतो, अंगावर येणाऱ्या अस्वलाच्या तोंडासमोर मारायचा असतो, साधारण 9 मीटरवर आल्यावर. उन्हात डॅशबोर्डवर ठेवू नका, डबा फुटू शकतो, एक्स्पायरी पण बघा. विमानात नेता येत नाही आणि योसेमिटीमध्ये तर स्प्रे बाळगायलाच मनाई आहे, तेव्हा ज्या पार्कात जाताय तिथले नियम आधी वाचा.

तरी अस्वल आलंच तर?

रात्री बाहेर आलं तर आतच थांबा, लाईट लावा, आतूनच हॉर्न वाजवा, आणि व्हिडिओसाठी दार उघडू नका प्लीज. तुम्ही परत आलात आणि अस्वल आरव्हीच्या आत असेल तर लांबूनच रेंजरला फोन करा, दार उघडायला स्वतः जाऊ नका, कारण कोंडलेलं अस्वल त्याच दारातून सुसाट बाहेर येतं.

बाहेर समोर आलं तर पळायचं नाही. हळूहळू मागे सरका, मुलांना जवळ ओढा. खांद्यावर उंचवटा असेल तर ग्रिझली, नुसत्या रंगावर जाऊ नका कारण 'काळं अस्वल' या जातीचं अस्वल तपकिरीही असतं. पिल्लं असलेल्या किंवा दचकलेल्या ग्रिझलीने झडप घातलीच तर पोटावर पालथं पडायचं, हात मानेमागे घ्यायचे आणि निपचित राहायचं. काळ्या अस्वलाने हल्ला केला तर मात्र प्रतिकार करायचा, जे हाताला लागेल त्याने तोंडावर मारायचं. आणि कुठलंही अस्वल रात्री झोपायच्या जागेत घुसलं तर मेल्याचं सोंग अजिबात नाही, जीव खाऊन लढायचं. हे मुलांना पहिल्याच संध्याकाळी समजावून सांगा, ऐन वेळी कुणाला काही सुचत नाही.

निघताना फायर पिट (शेकोटीचा खड्डा) एकदा काठीने उकरून बघा. अर्धवट जळलेली फॉइल, मार्शमेलोचे चिकट तुकडे सगळं उचलून अस्वलाला न उघडणाऱ्या कचरापेटीत टाका, आणि पेटीची कडी नीट बसली का ते हाताने ओढून बघा, कारण तुमच्यानंतर त्याच जागेवर रात्री दुसऱ्या कुणाचीतरी मुलं झोपणार आहेत.