शेअर ड्राइव्हच्या परमिशनला हात लावायच्या आधी

दसरा-दिवाळीला कापसाचं जिनिंग (रुई अन सरकी वेगळी करणं) सुरू झालं की आमच्या जळगावकडे ऑफिसात कोणाला मान वर करायला वेळ नसतो, म्हणून भाऊ, विंडोज सर्व्हरवरच्या फोल्डरचं काम आत्ताच उरकून घ्या. पहिले कागद घ्या, माऊस नंतर. काटापट्टी (वजनाची पावती), गाठींचा स्टॉक, सरकीची बिलं, पगार, कोणता फोल्डर कोण नुसता बघतो अन कोण लिहितो, हे मुनीमजींनाच विचारा, त्यांना सगळं माहीत असतं. मग नावानं नाही, ग्रुप करून परमिशन द्या, काट्यावरचा पोरगा सीझन संपला की जातो, त्याचं नाव पन्नास फोल्डरमधून कोण शोधत बसणार?

जुन्या परमिशनचा बॅकअप विंडोजच्या आयकॅकल्स (icacls) कमांडच्या सेव्हनं आधी घेऊन ठेवा, हे विसरू नकाच. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंगची परमिशन वेगळी अन सिक्युरिटी टॅबची वेगळी, नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हीतली जी कडक ती लागते, म्हणून शेअरवर मोकळं ठेवून खरी बारकाई सिक्युरिटीत करा. लिहिणाऱ्याला मॉडिफाय (वाचणं, लिहिणं, खोडणं) पुरतं, फुल कंट्रोल दिला तर तो उद्या दुसऱ्यालाच परमिशन वाटत बसेल.

डिनायचा, म्हणजे सरळ मनाईचा, टिक मात्र शक्यतो नकोच. मागच्या साली ऐन आवकीत मीच एका ग्रुपला डिनाय लावला, अन त्याच ग्रुपात शेठ पण होते, बाहेर गाड्यांची लाइन अन आत शेठलाच काटापट्टी उघडेना! अलाऊ असलं तरी त्याच फोल्डरवरचा डिनाय वरचढ ठरतो. नको असेल त्याला ग्रुपातून काढा, बस.

शेअरच्या सेटिंगमधलं ॲक्सेस बेस्ड एन्युमरेशन (ज्याला परवानगी नाही त्याला फोल्डर दिसतच नाही) चालू करा, नाहीतर पगाराचा फोल्डर उघडत नसला तरी दिसतो, अन टपरीवर चर्चा चालू. अन जागा बदलताना लक्ष ठेवा, त्याच ड्राइव्हवर कट-पेस्ट केलेली फाइल जुन्या परमिशन घेऊन येऊ शकते, कॉपी केलेली नव्या फोल्डरच्या घेते.

सगळं झालं की ॲडमिनच्या लॉगिननं तपासू नका, त्याला बहुतेक सगळंच उघडतं. काट्यावरच्या साध्या युजरनं बसून एक फाइल उघडा, एक सेव्ह करा, पगारात शिरायचा प्रयत्न करा. ग्रुप नवा लावला असेल तर आधी लॉगआउट करून परत लॉगिन करायला लावा, मी एकदा हेच विसरून अर्धा तास सर्व्हरलाच शिव्या देत होतो.