वाचनालयात ॲलन ड्वान: पाच संध्याकाळींचा उपक्रम कसा आखावा

हॉलिवूडचे दिग्दर्शक ॲलन ड्वान (१८८५–१९८१) यांनी १९११ मध्ये दिग्दर्शनाला हात घातला. त्यांचा शेवटचा चित्रपट पडद्यावर आला १९६१ मध्ये. चारशेच्या वर चित्रपट, त्यांतले सुरुवातीचे बहुतेक एका रिळाचे आणि बरेचसे आज हरवलेले. म्हणून ‘सगळं दाखवू’ हा हट्ट सोडावा. पाच पुरेत: ‘रॉबिन हूड’ (१९२२), ‘मॅनहँडल्ड’ (१९२४), ‘द आयर्न मास्क’ (१९२९), ‘सँड्स ऑफ इवो जिमा’ (१९४९) आणि ‘सिल्व्हर लोड’ (१९५४).

गोव्यात डिचोली-पेडण्याकडे वाचनालयाच्या सभागृहावर पत्रे असतील, तर मूकपट (यादीतले पहिले तीन) पावसाळ्यात घ्यावेत आणि बोलपट दिवाळीनंतर. आषाढातल्या सरीत संवाद ऐकू येत नाहीत, पेटी-तबला मात्र तग धरतो.

खरी मेहनत मूकपटांच्या वेगाची. हजार फुटांचं रीळ सेकंदाला १६ चौकटींनी (फ्रेम्सनी) चालवलं तर साधारण १७ मिनिटं टिकतं, २४ चौकटींनी ११ मिनिटांत संपतं. माणसं तुरुतुरु पळताना दिसली की फाइल २४ च्या वेगाने बनवलेली आहे असं समजावं. संगणकावर वेग ०.७५ करावा, म्हणजे १८ चौकटी होतात. त्याबरोबर ध्वनिमुद्रित संगीतही मंदावतं. ते बंद करून पेटीवाल्याला बसवावं. त्याला चित्रपट दोनदा आधी दाखवावा आणि प्रसंगांची वेळेसह यादी हातात द्यावी. ओळखीच्या नाट्यपदांच्या चाली टाळाव्यात, कारण प्रेक्षक मनात शब्द म्हणू लागतात आणि चित्र सुटतं. संवाद लिहिलेल्या इंग्रजी पाट्या मध्येमध्ये पडद्यावर येतात, त्यांचं मराठी एकाच माणसाने, थोडक्यात वाचावं.

‘रॉबिन हूड’ दोन तासांहून मोठा आहे आणि पूर्वार्ध संथ आहे, तेव्हा मध्यंतर हवंच. ड्वान इंजिनिअरिंग शिकलेले होते, आणि ते इथे दिसतं: किल्ल्यातल्या प्रचंड पडद्यावरून नायक डग्लस फेअरबँक्स घसरत खाली येतो, त्या कापडामागे त्यांनी घसरगुंडी दडवली होती. हे खेळ झाल्यावर सांगावं, आधी नको. ‘मॅनहँडल्ड’मध्ये भुयारी रेल्वेतल्या गर्दीत चिरडली जाणारी ग्लोरिया स्वान्सन पाहायची, पाटीची गरजच पडत नाही.

‘द आयर्न मास्क’ची प्रत नीट तपासावी. १९५२ मध्ये पाट्या काढून निवेदन घातलेली आवृत्तीही फिरते. मूळ मूकपटात फेअरबँक्सच्या बोलण्याचे मोजकेच तुकडे आहेत. तेवढ्यापुरता ध्वनी सुरू करावा, वेग पूर्ववत करावा आणि पेटी थांबवावी. ही अदलाबदल तालमीशिवाय जमत नाही.

‘इवो जिमा’ युद्धपट म्हणून गर्दी खेचेल, पण आमच्या मते ‘सिल्व्हर लोड’ सरस. दीड तासाच्या आत संपणारा, आणि गावभर धावणाऱ्या नायक जॉन पेनबरोबर कॅमेरा न थांबता सरकत राहतो तो लांब शॉट ड्वानच्या साऱ्या उमेदवारीचं फळ आहे. तो तुकडा चर्चेच्या वेळी आवाज बंद करून पुन्हा लावावा.