सपाट पायांच्या मुलांसाठी इनसोल: या चुका टाळा

शाळा सुरू होण्याच्या तोंडावर बेळगावच्या खडे बाजारात बूट घेताना मुलाचा सपाट तळवा नजरेस पडतो आणि पाय वेळीच सुधारेल या आशेने पालक उंच कमानीचा इनसोल, म्हणजे बुटात तळव्याखाली बसवायची गादी, घेऊन टाकतात. मूळ चूक हीच आहे. इनसोल बुटात असेपर्यंत घोटा आत कलणे काहीसे कमी होते आणि पाय कमी थकतात, पण त्याने तळव्याची कमान, म्हणजे आतल्या कडेचा उचललेला बाक, घडत नाही. हाडांचे डॉक्टर वेंगर व सहकाऱ्यांच्या 1989 सालच्या अभ्यासात तीन वर्षे खास बूट किंवा इनसोल वापरलेल्या मुलांचे पाय, ते न वापरलेल्या मुलांपेक्षा अधिक सुधारलेले आढळले नाहीत. लहान मुलांचे सांधे सैल असतात, तळव्यात चरबीची गादी असते. बहुतेकांची कमान दहा वर्षांच्या आतबाहेर आपोआप दिसू लागते. म्हणून न दुखणाऱ्या पायासाठी खर्च करणे मला तरी अनावश्यक वाटते.

मुलाला चवड्यांवर उभे करून मागून पाहावे. कमान उमटली आणि टाच आत वळली, तर पाय लवचीक आहे. तसे झाले नाही, पाऊल ताठ असेल, किंवा एकच पाय सपाट होऊन दुखत असेल, तर इनसोलचा प्रयोग न करता हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे, कारण पावलातील हाडे एकमेकांना जोडलेली असण्याची शक्यता असते.

इनसोल घातल्यावर चाल सुधारण्याऐवजी मूल लंगडू लागले, तर पोटरी तपासावी, ही गोष्ट सहसा कोणी पाहत नाही. गुडघा सरळ ठेवून पंजा नडगीकडे ओढला असता तो काटकोनापुढे जात नसेल, तर पोटरी आखडलेली आहे. अशा मुलाचे पाऊल चालताना घोट्यात पुरेसे वाकत नाही, म्हणून मधल्या भागात खचते, आणि नेमक्या त्याच जागी कडक कमान रुतते. आधी पोटरी ताणण्याचे व्यायाम करावेत. तोवर मऊ इनसोल पुरे.

दोन वर्षे पुरावेत म्हणून एक माप मोठे बूट घेऊन ती पोकळी इनसोलने भरणे ही आपल्याकडची जुनी काटकसर आहे, पण त्यात टाच घसरते आणि मूल पाय ओढत चालते. उलट, नेमक्या मापाच्या बुटातील मूळ गादी न काढता वर दुसरा इनसोल घातला, तर बोटे चेपतात. नवा इनसोल पहिल्या दिवशी तासभरच वापरून वेळ हळूहळू वाढवावी, आणि खानापूरकडच्या पावसात तो रोज बाहेर काढून वाळवावा, नाहीतर ओल्या कातडीला फोड येतात.

घरातही बूट घालायला लावण्याची गरज नाही. कर्नाटकातीलच राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 1992 साली 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांच्या पायांचे ठसे तपासले, तेव्हा पादत्राणे वापरणाऱ्यांपैकी 8.6 टक्के, तर अनवाणी फिरणाऱ्यांपैकी 2.8 टक्के मुलांचे पाय सपाट आढळले, आणि प्रमाण सर्वाधिक होते ते पुढून बंद बूट घालणाऱ्यांत.