ड्रायव्हिंग टेस्टला जाताय? आधी हे वाचा

गाडीची पाटी ठाण्याची एमएच ०४ असो की नवी मुंबईची एमएच ४३, टेस्टच्या दिवशी पोटात गोळा सगळ्यांच्याच येतो. गेल्या महिन्यात भाचीला घेऊन गेले होते, रांगेत ती सारखी ओढणीला हात पुसत होती, तेव्हाच ठरवलं की एकदा सगळं लिहून काढायचं.

आधी कागद. लर्निंग लायसन्स मिळून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही आणि लर्निंग चालतं ६ महिने, त्यामुळे मधल्या काळातच सारथीच्या, म्हणजे लायसन्सच्या सरकारी साइटवर टेस्टचा स्लॉट घ्यायचा, उगाच शेवटच्या आठवड्यावर नेऊ नका. टेस्टची फी प्रत्येक प्रकारच्या गाडीला ३०० रुपये, लायसन्सचे वेगळे. सोबत लर्निंग, अर्जाची आणि स्लॉटची प्रिंट, आणि गाडीचं आरसी (नोंदणीचा कागद), इन्शुरन्स, पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला). पीयूसीची तारीख आदल्या रात्रीच बघा, आमच्या पुढचा मुलगा तेवढ्यासाठी परत गेला, फार वाईट वाटलं.

गाडी आपली आपण न्यायची असते. बहुतेक जण ड्रायव्हिंग स्कूलचीच नेतात, चालेल, पण ज्या गाडीवर टेस्ट देणार तीच आधी दोन-तीन दिवस चालवा कारण प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या ठिकाणी पकडतो. एल बोर्ड पुढे-मागे दोन्हीकडे हवा, पांढऱ्यावर लाल.

आता मुख्य गोष्ट. लोकांना वाटतं टेस्ट घेणारे आरटीओचे साहेब गाडी किती सफाईने पळवता ते बघतात. तसं नाही हो, तुमचं लक्ष कुठे आहे ते बघतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत टेस्टमध्ये काय काय करून दाखवायचं त्याची यादीच आहे आणि तिची सुरुवातच आरसा नीट करण्यापासून होते, म्हणजे गाडी हलायच्या आधी. म्हणून बसल्यावर घाई नको. सीट, आरसे, बेल्ट, गियर न्यूट्रलला आहे ना, मग चावी. निघताना इंडिकेटर आणि मान वळवून मागे बघणं. माझी पहिली टेस्ट इथेच गेली, गाडी छान चालवली पण एकदाही आरशात बघितलं नव्हतं.

सगळ्यात जास्त वेळ चढाला द्या. चढावर थांबून परत निघायचं आणि गाडी मागे सरकता कामा नये, हेही त्या यादीत आहे. हँडब्रेक ओढून ठेवायचा, पहिला गियर, क्लच हळूहळू सोडत थोडा अ‍ॅक्सिलरेटर, की एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं वाटतं. तिथेच पाय धरून ठेवा आणि मग हँडब्रेक सोडा. भाचीला आम्ही बेलापूरच्या पारसिक हिलवर दोन रविवार पहाटे नेलं, दुसऱ्या रविवारी तिचं तिलाच कळायला लागलं. पाम बीच रोडवर मात्र शिकाऊ गाडी नेऊ नका, तिथे मागून येणाऱ्यांचा वेग फार असतो.

गाडी बंद पडली तर? भाचीची पडलीच. तिने ब्रेक दाबून ठेवला, हँडब्रेक ओढला, न्यूट्रल केलं, परत स्टार्ट केली, तोंडातून शब्द नाही. पास झाली. बंद पडल्यावर घाबरून गियरमध्येच चावी फिरवतात ना, त्याने गाडी हिसका खाते आणि सगळं बिघडतं.

बाइकवाल्यांना बहुधा बाइकने इंग्रजी आठचा (8) आकडा काढायला लावतात, पाय टेकवायचा नाही. नजर पुढच्या चाकाकडे नको, जिथे वळायचंय तिकडे. वळणात पुढचा ब्रेक दाबू नका, हाफ क्लच (अर्धवट दाबलेला) आणि हलका मागचा ब्रेक पुरतो. हेल्मेटशिवाय तर जाऊच नका.

नापास झालात तर ७ दिवसांनी परत देता येते, तीनदा झालात तर मात्र ६० दिवस थांबावं लागतं.

पास झाल्यावर कार्ड पोस्टाने घरी येतं, त्याआधी डिजिलॉकरवर दिसायला लागतं आणि तेही चालतं. पण लायसन्स निघेपर्यंत एल बोर्ड काढायचा नाही आणि शेजारी लायसन्सवालं माणूस हवंच, टेस्ट पास झाली म्हणून त्याच संध्याकाळी एकट्याने घोडबंदर रोडला गाडी काढू नका.