खेळणं थांबल्यावर टेनिसमध्येच राहायचंय?

सोलापुरात महिलांच्या आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धा भरू लागल्यापासून एक प्रश्न मला वरचेवर विचारला जातो : "मॅडम, खेळणं सुटलं तर पुढं काय?" राज्य पातळीवर खेळून गुडघ्यापायी थांबले, तेव्हापासून माझं घर कोचिंग आणि कॉमेंट्रीवरच चालतंय. ही कामं म्हणजे हरलेल्यांची सोय, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. भारताचे टेनिसपटू विजय अमृतराज 1973 मध्ये विम्बल्डन आणि यूएस ओपन, दोन्हींकडे उपांत्यपूर्व फेरीत पोचले होते. पण 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे टेनिसमधल्या मानाच्या यादीत, त्यांना घेतलं ते योगदानाच्या विभागात. त्यांची चेन्नईची अकादमी, जिथं लिअँडर पेस घडला, आणि त्यांची कॉमेंट्री हे त्या योगदानातच येतं.

कोचिंगसाठी आयटीएफच्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र आधी घ्या. खरी परीक्षा मात्र लहान मुलांसमोर होते. मुलांना शिकवायला वेगळे बॉल असतात : लाल बॉल नेहमीच्या पिवळ्यापेक्षा 75 टक्के हळू असतो, केशरी 50 आणि हिरवा 25 टक्के. पालकांना पहिल्या दिवसापासून पिवळाच हवा असतो. आठ वर्षांच्या पोराला तो द्या आणि बघा : बॉल डोक्याच्या वर उसळतो, पोर मनगट वाकवून कसाबसा ढकलतं, आणि ती खोड पुढं मोडता मोडत नाही. इथं पालकांपुढं नमू नका.

बोलणं कमी ठेवा. आमच्या सोलापूरच्या पूर्वभागातल्या कितीतरी मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, लांबलचक सूचना त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. सर्व्हिसच्या टॉससाठी, म्हणजे बॉल वर सोडण्यासाठी, मी एवढंच सांगते, "फेकू नको, फळीवर डबा ठेवतात तसा वर ठेव." कोपर लगेच सरळ होतं.

कॉमेंट्रीत नेमकी उलटी अडचण येते. खेळाडूला सगळं दिसतं, म्हणून तो रॅली चालू असतानाही बोलत सुटतो. पडद्यावर दिसलेला पॉइंट पुन्हा सांगू नका. दोन पॉइंटमध्ये 25 सेकंद असतात, बाजू बदलताना 90, तेवढ्यात तो पॉइंट का जिंकला गेला ते सांगा. त्यासाठी वही लागते. 30-40 असताना, म्हणजे एक पॉइंट गेला की गेम गेला अशा वेळी, ही मुलगी दुसरी सर्व्हिस कुठं टाकते, हे मी प्रत्येक सामन्यात टिपते. रेडिओवर मात्र ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही, तिथं स्कोअर पुन्हा पुन्हा सांगावाच लागतो.

कॉमेंट्रीचं काम हंगामी, रोजची चूल कोचिंगवरच पेटते, हे आधीच धरून चला. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीपार जातो, दुपारी कोर्ट ओस असतं. तेव्हा एखादा सामना आवाज बंद करून लावा आणि मोबाईलवर स्वतःची मराठी कॉमेंट्री रेकॉर्ड करा. ती टेनिस न खेळलेल्या माणसाला ऐकवा. कोण पुढं आहे आणि का, हे त्याला सांगता आलं, तर ऑडिशनला जा.