गर्दीच्या रेल्वे स्थानकातल्या पाट्या: या चुका टाळा

वाट न कळलेला प्रवासी ओळखायची सोपी खूण आहे: तो जिन्याच्या तोंडाशी थांबतो. डावीकडे जायचं की उजवीकडे, हे कळत नाही म्हणून त्याचा पाय अडतो आणि मागून येणारा लोंढा त्याच्यावर आदळतो. लोक त्याच्यावर चिडतात, पण दोष त्याचा नसतो. त्याला प्रश्न पडला तिथे उत्तर लटकवलेलं नव्हतं. पाटी होती, पण वीस पावलं पुढे, वळण घेतल्यावर दिसणारी.

स्थानकांच्या पाट्यांचं काम करताना दिसलेल्या बहुतेक चुकांचं मूळ मला इथेच सापडलं आहे. पाट्यांच्या जागा आराखड्यावर ठरतात, आणि आराखड्यात गर्दी नसते.

पाटी प्रश्नाच्या आधी किंवा नंतर लावणं

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी मास्सिमो विन्येल्ली आणि बॉब नोर्दा यांनी केलेली पाट्यांची नियमपुस्तिका १९७० साली आली. माणसाला जिथे निर्णय घ्यायचा आहे तिथेच माहिती द्यायची, आधी नाही आणि नंतरही नाही, हा त्या कामाचा गाभा होता. पन्नासहून अधिक वर्षं झाली, तरी हे तत्त्व पाळलेलं क्वचितच दिसतं.

म्हणून पाटीच्या मजकुराकडे वळण्याआधी फाट्यांची यादी करा: जिन्याची तोंडं, पादचारी पुलावरचे फाटे, तिकीट तपासणीची दारं, सरकत्या जिन्याचा शेवट. प्रत्येक फाट्यावर उभं राहून विचारा, की इथे पोचलेल्या माणसाला काय हवं असेल? जिन्याच्या माथ्यावरची पाटी शेवटच्या तीन-चार पायऱ्या बाकी असतानाच वाचता आली पाहिजे. माथ्यावर पोचल्यावर ती दिसत असेल, तर माणूस तिथेच थांबणार.

पाटीचं तोंडही नीट बघा. चालण्याच्या दिशेला समांतर, बाजूच्या भिंतीवर लावलेली पाटी कितीही मोठी असली तरी वाचली जात नाही, कारण गर्दीत कोणी मान वळवून चालत नाही. पाटी वाटेला आडवी, डोक्यांच्या वर हवी. खांबावर छातीच्या उंचीला लावलेली पाटी फलाट रिकामा असतानाच दिसते, म्हणजे तिची गरज नसते तेव्हा.

वरचा बाण

ही चूक माझ्या मनाला फार लागलेली आहे. एका स्थानकावर ‘बाहेर’ या शब्दाशेजारी वर रोखलेला बाण होता. लावणाऱ्याला म्हणायचं होतं ‘सरळ जा’. पण पाटीच्या बाजूलाच पुलाचा जिना होता. दोन्ही हातांत पिशव्या घेतलेल्या एक आजी पाटी वाचून तो जिना चढल्या, वर कोणाला तरी विचारलं आणि एकेक पायरी मोजत खाली आल्या. त्यांनी पाटी बरोबरच वाचली होती.

वर रोखलेल्या बाणाचे ‘सरळ’ आणि ‘वर’ असे दोन अर्थ निघतात. जिना जवळ असेल तिथे तो एकटा वापरू नका. चढायचं असेल तर तिरका बाण आणि सोबत जिन्याचं चित्र द्या. सरळ जायचं असेल तर पाटी जिन्यापासून दूर, वाटेच्या मधोमध टांगा. खाली रोखलेला बाण तर त्याहून फसवा: ‘इथेच’, ‘या पाटीखालून पुढे’ आणि ‘खाली उतरा’, असे तीन अर्थ त्यातून निघू शकतात. आणि डावीकडे नेणारी नावं पाटीच्या डाव्या कडेला, उजवीकडची उजव्या कडेला लिहा. सगळे बाण एकाच रांगेत आले, की धावत्या नजरेला दिशा कळत नाही.

अक्षरं पडद्यावर बघून मंजूर करणं

ढोबळ हिशेब असा: वाचण्याच्या अंतराला ३०० ने भागलं, की अक्षराची किमान उंची मिळते. म्हणजे ३० मीटरवरून वाचायची पाटी असेल तर अक्षर १० सेंटिमीटर. देवनागरीत ही उंची शिरोरेघेपासून खालच्या मूळ अक्षराची धरा. वेलांटी, मात्रा, उकार यांना वरखाली वेगळी जागा लागते. मात्रेसकट उंची मोजली, तर अक्षर प्रत्यक्षात बरंच लहान होतं.

जाड अक्षर लांबून चांगलं दिसेल, असं वाटणं साहजिक आहे. पण ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातला फरक वरच्या बारीकशा फटीत आणि गाठीत असतो. ‘ब’ आणि ‘व’मध्ये तर पोटातली एक रेघ. अक्षर फार जाड केलं की ही फट बुजते. आतून दिवा असलेल्या पाटीवर पांढरं अक्षर प्रकाशाने आणखी फुगतं आणि उरलेली फटही जाते. नमुना छापून जागेवर टांगा आणि संध्याकाळी, दिवे लागल्यावर बघा.

फक्त रंगावर भिस्त

‘हिरव्या पट्ट्यामागे जा’ हे सगळ्यांना जमत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारापैकी एकाला लाल-हिरव्यात गोंधळ होतो. इतर समाजांत प्रमाण कमी असलं, तरी रोजच्या हजारोंच्या गर्दीत अशी माणसं असणारच. रंगासोबत अंक, अक्षर किंवा चित्र द्या. मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९ साली सुरू झाली तेव्हापासून तिथे प्रत्येक स्थानकाला स्वतःचं चिन्ह आहे, त्यामुळे वाचता न येणाऱ्यालाही आपलं स्थानक ओळखता येतं. मला ही कल्पना अतिशय माणुसकीची वाटते.

काही चुका थोडक्यात सांगतो. एका ठिकाणी ‘फलाट’, दुसरीकडे ‘प्लॅटफॉर्म’ लिहू नका. नवख्याला त्या दोन जागा वाटतात. एकदा ‘लिफ्ट’ची वाट दाखवायला घेतली, की लिफ्टच्या दारापर्यंत मध्ये एकही फाटा सोडू नका. पाटीला चिकटून झगमगती जाहिरात नको. वाट बदलली तर जुनी पाटी त्याच दिवशी उतरवा. दृष्टिहीनांसाठीच्या उंचवट्याच्या फरश्या सेइइची मियाके यांनी १९६५ साली जपानमध्ये शोधल्या: लांब रेघा म्हणजे चाला, ठिपके म्हणजे सावध व्हा. त्या पट्ट्यावर उभा फलक ठेवलेला दिसला, तर तो लगेच हटवा.

बिघाड कुठे आहे, हे कसं शोधायचं

पाहणीला निघताना आधी चिकटवलेले कागद शोधा. खिडकीच्या काचेवर, खांबावर, दारावर पेनाने लिहिलेलं असतं, ‘बाहेरचा रस्ता इकडे नाही’. दिवसभर तेच उत्तर देऊन थकलेल्या कर्मचाऱ्याने तो कागद लावलेला असतो. अशा प्रत्येक कागदाची जागा नोंदवा; तिथे एक पाटी कमी आहे किंवा चुकीची आहे. मग त्याच कर्मचाऱ्याला विचारा, लोक येतात कुठून आणि विचारताना बोट कुठे दाखवतात.

त्यानंतर ते स्थानक कधीच न पाहिलेल्या कोणाला तरी, हातात जड पिशवी देऊन, ऐन गर्दीच्या वेळी दारापासून एखाद्या फलाटापर्यंत जायला सांगा. तुम्ही दहा पावलं मागे राहा आणि काही सुचवू नका. तो जिथे थांबेल, मान वर करेल किंवा मागे फिरेल, तिथे त्याच्या जागी उभं राहून, त्याच्याच डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढा.